एका लाथेचे छायाचित्र

नृत्याच्या छायाचित्रांविषयी आपल्याकडे एक सोयीस्कर समजूत रूढ आहे, ती अशी की नर्तक उडी घेतो, छायाचित्रकार नेमक्या क्षणी कळ दाबतो, आणि दैव अनुकूल असेल तर उत्तम चित्र हाती लागते. ही समजूत खरी मानली, तर श्रेयाचा निम्मा हिस्सा नर्तकाच्या पायांना व निम्मा यंत्राच्या वेगाला द्यावा लागेल, आणि छायाचित्रकाराच्या पदरी केवळ हजर असल्याचे पुण्य पडेल. ती किती अपुरी आहे हे ज्याला पाहावयाचे असेल, त्याने बार्बरा मॉर्गन या अमेरिकन छायाचित्रकर्तीने १९४० साली घेतलेले मार्था ग्रॅहम यांचे ‘लेटर टू द वर्ल्ड’ या नृत्यातील छायाचित्र समोर ठेवून थोडा वेळ शांतपणे बसावे. जाणकारांमध्ये ते ‘किक’, म्हणजे लाथ, या एवढ्याशा नावाने ओळखले जाते.

चित्रात एकटी ग्रॅहम आहे. नेपथ्य नाही, सहनर्तक नाहीत, प्रेक्षागृहाचा मागमूसही नाही. तिचे धड कमरेतून वाकून जवळजवळ जमिनीला समांतर झाले आहे, मान झुकली आहे, एक हात दुमडून कपाळाशी आला आहे, आणि त्याच वेळी मागे झोकलेल्या पायाने तिच्या लांब, घेरदार झग्याला असा काही झोत दिला आहे की त्या वस्त्राची एक विशाल कमान हवेत उभी राहिली आहे. दृष्टी प्रथम त्या कमानीवर जाते, आणि तिच्यावरून घसरत, घडीघडीतून उतरत, अखेरीस त्या झुकलेल्या मस्तकाशी येऊन थांबते. हा मार्ग डोळ्याला आखून दिलेला आहे. लाथेचे बळ पायात दिसण्याऐवजी घेरात दिसते, कारण देहाने केलेली गोष्ट वस्त्राने पुढे नेली आहे. सुलेखनकाराच्या बोरूचा फराटा जसा हात उचलल्यावरही गतीची साक्ष देत राहतो, तसे त्या घेराचे झाले आहे.

परंतु या चित्राचे सौंदर्य केवळ त्या कमानीत असते, तर ते नेत्रसुखाच्या पलीकडे गेले नसते. त्याचे खरे सामर्थ्य त्यातील विरोधात आहे. पाय आणि वस्त्र बाहेर, वर, मोकळ्या अवकाशाकडे झेपावत आहेत. धड, मान आणि हात मात्र आत, खाली, स्वतःकडे मिटत आहेत. एकाच देहात एक अर्धांग बंड करीत आहे आणि दुसरे शोक. ग्रॅहम यांच्या नृत्यपद्धतीचा पायाच मुळी श्वासाबरोबर होणाऱ्या धडाच्या आकुंचन-विमोचनावर रचलेला आहे, आणि जमिनीपासून सुटण्याची जी आकांक्षा पाश्चात्त्य बॅलेने शतकानुशतके जोपासली, तिच्याऐवजी जमिनीचे ओझे पत्करण्याची वृत्ती त्यांनी स्वीकारली होती. बॅलेतील उंच गेलेला पाय बहुधा विजयाची घोषणा करतो; येथे पाय उंच गेला आहे आणि मस्तक खाली आले आहे, त्यामुळे विजयाचा प्रश्नच उद्भवत नाही.

या विरोधाचा अर्थ लावण्यास नृत्याचा विषय जाणून घ्यावा लागतो. ऑगस्ट १९४० मध्ये व्हर्मांटमधील बेनिंग्टन महाविद्यालयात प्रथम सादर झालेली ही रचना कवयित्री एमिली डिकिन्सन (१८३०–१८८६) हिच्या अंतर्जीवनावर बेतलेली आहे. मॅसॅच्युसेट्समधील अ‍ॅमहर्स्ट या गावी वडिलांच्या घरात जिने उत्तरायुष्य जवळजवळ बंद दाराआड घालविले, जिने सुमारे अठराशे कविता लिहिल्या आणि जिच्या हयातीत त्यांपैकी जेमतेम दहा-एक छापल्या गेल्या, अशा स्त्रीचे नृत्य कसे करावे? ग्रॅहम यांनी तिचे दोन भाग केले: एक बोलणारी आणि एक नाचणारी. बोलणारीच्या मुखी कवितांच्या ओळी होत्या. नाचणारीचे काम त्यांनी स्वतःकडे ठेवले, आणि तेही वयाच्या ४६ व्या वर्षी. मॉर्गन यांच्या चित्रात बोलणारी नाही, कविता नाही, हंटर जॉन्सन यांचे संगीतही नाही. एका कवयित्रीवरील नृत्यातून शब्द सर्वस्वी वजा झाल्यावर जे उरते तेच येथे दिसते, आणि माझ्या मते घरात कोंडलेल्या त्या प्रचंड बुद्धीचे दुःख या वजाबाकीमुळे अधिक ठसठशीत झाले आहे.

आता मुद्द्याची गोष्ट. हे चित्र प्रयोग चालू असताना घेतलेले नाही. मॉर्गन या मूळच्या चित्रकार. १९३५ पासून त्यांनी ग्रॅहम यांच्या नृत्यांची छायाचित्रे घेतली, आणि त्यांची रीत अशी की नृत्य पुन्हा पुन्हा पाहावयाचे, त्यातील कोणती हालचाल संपूर्ण रचनेचा आशय पोटात घेऊन उभी आहे हे मनाशी ठरवावयाचे, आणि मग ती हालचाल स्वतः योजलेल्या प्रकाशात कॅमेऱ्यासमोर पुन्हा करवून घ्यावयाची. या परिश्रमाचे फलित १९४१ साली ग्रॅहम यांच्या सोळा नृत्यांवरील पुस्तकाच्या रूपाने प्रसिद्ध झाले. यावर आक्षेप घेणारा म्हणेल, मग हे बनावटच की! पण छायाचित्र म्हणजे पंचनामा असा हट्ट धरणाऱ्यांना मी विचारीन की नृत्य तरी एकदाच घडते काय? प्रत्येक प्रयोग हा आधी ठरविलेल्या रचनेचा नव्याने केलेला आविष्कार असतो. मॉर्गन यांच्यासमोर झालेला आविष्कार हा त्यांतलाच एक, फक्त त्याचा प्रेक्षक एकटा होता आणि आपण काय पाहणार आहोत हे त्याला आधीच ठाऊक होते.

अशा यशस्वी चित्राचा एक धोकाही आहे, आणि तो आपल्याला परका नाही. चिदंबरमच्या गोपुरांवर नाट्यशास्त्रातील १०८ करणे कोरलेली आहेत. ती पाहून पाहून करण म्हणजे एक स्थिर पवित्रा असा ग्रह दृढ झाला, आणि करण ही वस्तुतः हस्तपादांची संयुक्त गती आहे हे पटवून देण्यासाठी पद्मा सुब्रह्मण्यम यांच्यासारख्या विदुषी नर्तकीला मोठा खटाटोप करावा लागला. ‘किक’ची गतही तशीच झाली आहे. मूळ नृत्य न पाहिलेल्या असंख्य लोकांना ही आकृती परिचित आहे. १९८६ साली अँडी वॉरहॉल यांनी तिच्यावरून रंगीत मुद्रिते केली, त्यांत ती आकर्षक दिसते, पण तिचे वजन हरपले आहे. रेषा राहिली, ओझे गेले.

आमच्या वृत्तपत्रांतील नृत्यमहोत्सवांची छायाचित्रे पाहताना मला या साऱ्याची आठवण होते, आणि काहीसा विषादही वाटतो. आजचे यंत्र एका सेकंदात डझनावारी चित्रे टिपते, त्यामुळे क्षण निसटण्याची भीती उरलेली नाही. पण निवड करण्याचे कष्टही त्याबरोबर उरलेले दिसत नाहीत. छापून येते ते बहुधा प्रसन्न मुखाचे, दागिन्यांचे व एका परिचित हस्तमुद्रेचे चित्र, ज्यावरून नर्तकी कोण हे कळते, पण ती त्या वेळी काय नाचत होती याचा थांग लागत नाही. अभिसारिकेची उत्कंठा आणि खंडितेचा क्रोध यांना एकच चित्र चालून जाते. कथ्थकच्या चक्करमध्ये फुललेला घेर दिसतो, परंतु समेवर येऊन थबकलेल्या देहात जो ताण असतो तो टिपण्याची तसदी क्वचितच घेतली जाते, कारण तो टिपण्यासाठी ताल मोजता यावा लागतो.

प्रत्येक वार्ताहर-छायाचित्रकाराने मॉर्गन व्हावे, अशी अपेक्षा करणे अन्यायाचे होईल. त्याला रात्री दहाच्या आत चित्र कचेरीत पोहोचवावयाचे असते. परंतु तालमीला एकदा जाऊन बसण्याची मुभा त्याला संपादकांनी द्यावी, आणि चित्राखालील मजकुरात ‘नृत्य सादर करताना’ या निरर्थक शब्दांऐवजी रचनेचे नाव, तिचा ताल आणि ती कोणी बांधली हा तपशील यावा, इतके तरी मागता येईल. त्यासाठी एक ओळ पुरे. सध्या ती प्रायोजकाच्या नावाकडे जाते.