अर्ज मराठीत, उत्तर कोणत्या भाषेत?

गटार तुंबले, नळाला पाणी आले नाही, रस्त्यावरचा दिवा महिनाभर बंद राहिला, म्हणजे सामान्य माणूस राजधानीकडे धाव घेत नाही. तो एक कागद लिहितो आणि आपल्या पंचायतीच्या किंवा नगरपालिकेच्या कचेरीत नेऊन देतो. लोकशाहीशी त्याचा प्रत्यक्ष संबंध येतो तो बहुधा या कागदापुरताच. बेळगाव, खानापूर, निपाणी या सीमाभागातील मराठी माणसासमोर मात्र हा कागद लिहिण्यापूर्वीच एक प्रश्न उभा असतो: तो कोणत्या भाषेत लिहावयाचा?

1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि हा मुलूख तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून येथील जनतेने निवेदने काही कमी लिहिली नाहीत. 1966 साली नेमलेल्या महाजन आयोगापुढे दोन्ही बाजूंची मिळून दोन हजारांहून अधिक निवेदने आली. आयोगाने 1967 मध्ये बेळगाव म्हैसुरातच ठेवावे, निपाणी व खानापूरचा मराठी भाग महाराष्ट्रास द्यावा, असा अभिप्राय दिला. महाराष्ट्राने तो नाकारला आणि अहवाल दप्तरात पडून राहिला. 2004 साली महाराष्ट्र सरकारने 865 गावांसाठी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. तो अद्याप प्रलंबित आहे. 2005 साली बेळगाव महापालिकेने महाराष्ट्रात विलीन होण्याचा ठराव केला, तेव्हा कर्नाटक सरकारने ती महापालिकाच बरखास्त केली. 2021 च्या सप्टेंबरात झालेल्या निवडणुकीत 58 पैकी 35 जागा भारतीय जनता पक्षाने जिंकल्या आणि ठरावांच्या त्या मार्गावरचे राजकीय बळही ओसरले.

मोठा प्रश्न न्यायालयात आहे, तो तेथे आपल्या गतीने चालेल. पण न्यायालयाचा निकाल लागेपर्यंत गटारे तुंबावयाची थांबत नाहीत. म्हणूनच या छोट्या कागदाचा विचार गांभीर्याने होणे अगत्याचे आहे.

राज्यघटनेचे 350 वे कलम या बाबतीत निःसंदिग्ध आहे. आपल्या गाऱ्हाण्याचे निवारण व्हावे म्हणून केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे वा प्राधिकरणाकडे निवेदन देताना, केंद्रात किंवा त्या राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेचा अवलंब करण्याचा हक्क ते प्रत्येक व्यक्तीस देते. अल्पसंख्याकांची टक्केवारी किती, तालुका कोणता, अशी कोणतीही अट त्यात नाही. बेळगाव जिल्ह्यात मराठी शाळा चालतात, मराठी वृत्तपत्रे निघतात, बाजार मराठीत बोलतो. अशा ठिकाणी मराठी ही राज्यात वापरली जाणारी भाषा नव्हे, असे कोण म्हणू शकेल? कर्नाटकाने 1963 च्या कायद्याने राज्यकारभारासाठी आणि 1981 च्या कायद्याने स्थानिक संस्थांसाठी कन्नड ही भाषा ठरविली. तो त्या राज्याचा अधिकार आहे. परंतु कचेरीने कोणत्या भाषेत कारभार करावा हा एक प्रश्न, आणि नागरिकाने कोणत्या भाषेत दाद मागावी हा दुसरा. पहिल्याच्या आधारे दुसऱ्याची गळचेपी करता येत नाही.

तथापि घटनेचा हा पूल अर्धाच बांधलेला आहे, हेही ओळखले पाहिजे. मराठीत मागण्याचा हक्क 350 व्या कलमाने दिला. मराठीत उत्तर मिळविण्याचा हक्क दिला नाही. पुढची काही कमान 1956 साली केंद्र सरकारने संसदेपुढे ठेवलेल्या भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणविषयक निवेदनात आढळते. ज्या नगरपालिकेच्या वा तालुक्याच्या क्षेत्रात अल्पसंख्य भाषकांचे प्रमाण पंधरा ते वीस टक्के असेल, तेथे महत्त्वाच्या सूचना व नियम त्या भाषेतही प्रसिद्ध व्हावेत, अशी अपेक्षा त्यात व्यक्त केली आहे. बेळगाव, खानापूर आणि निपाणी येथे मराठी भाषकांचे प्रमाण या मर्यादेच्या पुष्कळच वर आहे. पण ही अपेक्षा आहे, कायदा नव्हे. आणि अपेक्षेची अंमलबजावणी मागणाऱ्यांच्या चिकाटीवर अवलंबून असते.

ही चिकाटी कशी दाखवावी? अर्ज घोषणांचा नसावा, एकाच कामाचा असावा. वॉर्ड, गल्ली, अडचण केव्हापासून आहे आणि काय व्हावे, हे चार ओळींत यावे. तो महापालिकेत आयुक्तांच्या, नगरपालिकेत तेथील प्रमुख अधिकाऱ्याच्या आणि ग्रामपंचायतीत अध्यक्ष व पंचायत विकास अधिकारी यांच्या नावे असावा. एक प्रत आपल्या लोकप्रतिनिधीस द्यावी. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घेतल्यावाचून कचेरी सोडू नये. पोच नसलेला अर्ज म्हणजे तोंडी विनंतीच होय. मराठी अर्ज घेण्यास कोणी नकार दिला, तर वाद न घालता तो टपालाने नोंद करून पाठवावा, 350 व्या कलमाचा उल्लेख करावा आणि भाषिक अल्पसंख्याक आयुक्तांकडे तक्रार करावी. त्या आयुक्तांचे पद घटनेच्याच 350 ब कलमाने निर्माण केले आहे.

उत्तर न आल्यास 2005 च्या माहितीच्या अधिकाराखाली आपल्या अर्जावर काय कार्यवाही झाली हे विचारावे. तीस दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. मात्र तो कायदा इंग्रजी, हिंदी किंवा त्या क्षेत्राची राजभाषा यांतच अर्ज मागतो. म्हणून सीमाभागातील मराठी माणसाने तेथे हिंदीचा उपयोग करून घेण्यास हरकत नाही. जन्म-मृत्यूच्या दाखल्यांसारख्या सेवांना कर्नाटकाच्या 2011 च्या सेवा हमी कायद्याने मुदती घालून दिल्या आहेत. त्यांच्या अर्जाचा क्रमांक जपून ठेवावा. खेड्यांत ग्रामसभा वर्षातून किमान दोनदा भरणे अपेक्षित असते. तेथे मांडलेली मागणी इतिवृत्तात नोंदली गेली की नाही, हे पाहण्याची सवय गावकऱ्यांनी लावून घेतली पाहिजे.

येथे आणखी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे आम्हास आवश्यक वाटते. मराठी अर्जाला कन्नड भाषांतर जोडणे ही शरणागती नव्हे. मूळ अर्ज मराठी असावा, सही मराठीवर असावी. सोबतच्या कन्नड प्रतीमुळे काम लवकर होत असेल तर ते शहाणपणच आहे. फुटलेल्या जलवाहिनीचे पाणी कन्नड घर आणि मराठी घर असा भेद करीत नाही. एकाच गल्लीतील दोन्ही भाषांच्या रहिवाशांनी दोन्ही लिप्यांत सह्या करून दिलेला अर्ज नाकारणे कोणत्याही अधिकाऱ्यास सोपे जाणार नाही.

चोर्ला घाटाच्या अलीकडे राहणाऱ्या आपणांस याचे काय, असे कोणी म्हणेल. बेळगावची भाजी रोज आपल्या बाजारात येते, तेथे आपली सोयरीक आहे, हे तर खरेच. पण त्याहून मोठे कारण आहे. गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्याने कोंकणीस राजभाषा केले आणि मराठीचा सर्व किंवा कोणत्याही शासकीय कामासाठी वापर करण्याची तरतूद ठेवली. भाषेवरून भांडण पेटलेल्या राज्यातही कागदाला वाट मोकळी ठेवता येते, याचे हे उदाहरण कर्नाटकाने पाहण्यासारखे आहे. त्याचबरोबर उत्तर कर्नाटकातून येऊन वास्कोत मजुरी करणाऱ्या माणसाने उद्या कन्नडमध्ये गाऱ्हाणे मांडले, तर 350 वे कलम त्याच्याही पाठीशी उभे आहे. बेळगावात मराठीसाठी जो न्याय आपण मागतो, तो आपल्या दारी दुसऱ्यास नाकारण्याचा अधिकार आपणांस नाही.

सीमा कोठे असावी हे न्यायालय ठरवील. पण ती कोठेही पडो, तिच्या दोन्ही बाजूंस कोणत्या ना कोणत्या भाषेचे अल्पसंख्य राहणारच. त्यांचा अर्ज त्यांच्या भाषेत स्वीकारला जातो की नाही, यावरून त्या राज्याच्या कारभाराची परीक्षा होईल. सीमाभागातील बंधुभगिनींनी आपला कागद मराठीत लिहावा, त्याची पोच घ्यावी आणि उत्तर येईपर्यंत त्याचा पाठपुरावा सोडू नये. न वापरलेला हक्क घटनेच्या पुस्तकात राहतो; कचेरीतून मात्र तो केव्हाच नाहीसा होतो.