समलिंगी पर्यटक आणि लहान गावे : थायलंड ते पापनाशम

समलिंगी जोडप्यांच्या विवाहाला मान्यता देणारा कायदा थायलंडमध्ये २०२५ च्या जानेवारी महिन्यात अंमलात आला आणि पहिल्याच दिवशी देशभरात १८०० हून अधिक जोडप्यांनी आपल्या विवाहाची नोंद केली. बँकॉकमधील समारंभाची छायाचित्रे जगभर प्रसिद्ध झाली. तथापि या कायद्याचे खरे महत्त्व राजधानीबाहेर आहे. थायलंडमध्ये विवाहाची नोंद 'अम्फो' या, आपल्याकडील तालुका कचेरीशी मिळत्याजुळत्या कार्यालयात होते. अशी ८७८ कार्यालये त्या देशात आहेत. आवश्यक कागदपत्रे असतील तर परदेशी नागरिकही आपल्या थाई जोडीदारासह तेथे नोंद करू शकतो. एरवी परदेशी समलिंगी पर्यटक पट्टाया, फुकेत वा चिआंग माई येथील ठरावीक गल्ल्यांपुरता दिसत असे. आता तो लहान शहरातील सरकारी टेबलासमोर कायदेशीर जोडीदार म्हणून बसू शकतो.

थायलंडची ही उदारता पर्यटन जाहिराती भासवतात तितकी जुनी आणि सरळ नाही, हेही लक्षात घेतले पाहिजे. समलिंगी संबंध तेथे १९५० च्या दशकातच गुन्हा राहिले नव्हते. असे असूनही २००९ च्या फेब्रुवारीत उत्तरेकडील चिआंग माई शहरात निघणारी समलिंगींची मिरवणूक विरोधकांनी जमाव करून रोखली. पुन्हा तशी मिरवणूक निघण्यास दहा वर्षे जावी लागली. परदेशी पाहुण्यांचे बार त्याच शहरात त्या काळातही सुरू होते. पाहुण्याने रात्री पैसे खर्च करणे गावाला चालते, पण गावातल्याच मुलाने दिवसाढवळ्या रस्त्यावरून चालत जाणे चालत नाही, असा हा व्यवहार होता.

आपल्याकडे हा व्यवहार कसा चालतो हे पाहण्यासाठी गोव्याचा किनारा किंवा मुंबई निवडणे सोपे आहे. परंतु तेथे गर्दीच आडोसा देते. कसोटी लागते ती तंजावर जिल्ह्यातील पापनाशमसारख्या गावात. कुंभकोणम आणि तंजावर यांच्या दरम्यान, कावेरीच्या खोऱ्यातील भातशेतीत वसलेले हे तालुक्याचे गाव. १०८ शिवलिंगांचे मंदिर आणि पालैवननाथर मंदिराच्या आवारातील नायककालीन विटांचे धान्यकोठार पाहण्यास येथे प्रवासी येतात. जवळच दारासुरमचे जागतिक वारसा मंदिर आणि कांस्यमूर्ती घडविणाऱ्यांचे स्वामीमलै आहे. तंजावरच्या भोसले घराण्यामुळे आणि सरस्वती महाल ग्रंथालयामुळे मराठी माणसालाही हा प्रदेश परका नाही. याच वाटेने परदेशी प्रवासीही जातात आणि त्यांच्यात समलिंगी जोडपीही असतात.

अशा जोडप्याला येथे काही त्रास होतो का? बहुधा होत नाही. दक्षिणेतील गावांत दोन पुरुष एकमेकांचा हात धरून चालले तरी कोणी वळून पाहत नाही. मैत्रीची ती रीतच आहे. दोन पुरुषांनी एक खोली मागितली तर व्यवस्थापक भाडे सांगतो आणि पारपत्र मागतो. गंमत अशी, की अडचण आली तर ती अविवाहित स्त्री-पुरुषांना येते. २०१९ मध्ये कोइमतूर येथे अविवाहित जोडपे आढळल्याच्या कारणावरून एक निवासगृह मोहोरबंद करण्यात आले होते. असे राहण्यास कोणत्याही कायद्याने मनाई नाही, असे मद्रास उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये स्पष्ट केले. तरीही २०२५ च्या जानेवारीत 'ओयो' या कंपनीने मेरठमधील आपल्या सहयोगी हॉटेलांना अविवाहित जोडप्यांना खोली नाकारण्याची मुभा दिली. दोन पुरुषांकडे नात्याचा पुरावा कोणी मागत नाही, कारण तसे नाते असू शकते हेच कोणाच्या मनात येत नाही. मागितला तरी त्याचा उपयोग नाही. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला मान्यता देण्यास नकार दिला असल्याने थायलंडच्या कचेरीतील विवाहपत्राला येथे जोडीदाराचा दर्जा मिळत नाही.

पाहुण्याचे रक्षण करणारे हे अज्ञान गावातल्या माणसाच्या मात्र उपयोगी पडत नाही. पापनाशममध्ये समलिंगी लोकांसाठी उघड अशी भेटीची जागा नाही. ओळख होते ती मोबाईलवरील ॲपमधून. समजा, दोन दिवस मुक्कामास आलेल्या परदेशी प्रवाशाची आणि स्थानिक तरुणाची अशी ओळख झाली. चहा कोठेही घेता येईल. पण निवांत बोलायचे तर खोली लागते आणि खोलीच्या वाटेवर नोंदवही असते. परदेशी पाहुण्याची माहिती हॉटेलमालकाला चोवीस तासांत नोंदणी कार्यालयास कळवावी लागते. ती एका परक्या नावाची नोंद असते. स्थानिक तरुणाच्या आधार कार्डाच्या प्रतीवर मात्र वडिलांचे नाव आणि रस्ता असू शकतो, आणि ती हाती घेणारा त्या रस्त्यावरच राहणारा असू शकतो. प्रवासी दुसऱ्या दिवशीच्या गाडीने निघून जातो. नोंदवही तेथेच राहते. अशा ओळखीतून भेटीस बोलावून लुबाडण्याचे व घरी सांगण्याची धमकी देऊन पैसे उकळण्याचे प्रकार देशात अनेक ठिकाणी पोलिसांपर्यंत आले आहेत. पोलिसांपर्यंत न येणारे अर्थातच मोजले जात नाहीत.

याबाबतीत तमिळनाडू हे मागासलेले राज्य आहे असे कोणी म्हणणार नाही. कळ्ळकुरिची जिल्ह्यातील कूवागम येथे चैत्राच्या उत्सवात तृतीयपंथी भाविक महाभारतातील अरावनाशी विवाह करतात. हा सोहळा पाहण्यास परदेशी छायाचित्रकारही येतात. त्यांना सन्मानाने 'तिरुनंगै' म्हटले जाते, आणि त्यांच्यासाठी कल्याण मंडळ स्थापन करणारे हे देशातील पहिले राज्य (२००८). थायलंडमध्येही 'काथोय' समाजाची ओळख अशीच जुनी आहे. दोन्हीकडे दिसून येते ते असे, की वेशाने वेगळी दिसणारी व्यक्ती समाजाने आपल्या कथांत आणि उत्सवांत सामावून घेतली. नेहमीच्या शर्ट-लुंगीतला, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष मात्र कोणत्याच कथेत बसला नाही. तृतीयपंथीयांसाठी राज्याने २०२५ मध्ये धोरण जाहीर केले, त्यातही त्याला जागा नाही.

त्याच्या बाजूने बोलले ते न्यायालय. मदुराईहून चेन्नईला पळून आलेल्या दोन तरुणींच्या प्रकरणात न्यायमूर्ती आनंद वेंकटेश यांनी जून २०२१ मध्ये निकाल दिला. या विषयाची आपल्याला पुरेशी जाण नसल्याचे मान्य करून त्यांनी त्याआधी स्वतः समुपदेशन घेतले होते. समलिंगी व्यक्तीला 'बरे' करण्याच्या उपचारांना त्यांनी मनाई केली. २०२२ मध्ये राज्याच्या पोलीस आचारनियमांत दुरुस्ती होऊन या व्यक्तींचा छळ करण्यास पोलिसांना प्रतिबंध करण्यात आला. मे २०२५ मध्ये याच उच्च न्यायालयाने विवाह हाच कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नव्हे, असे म्हटले.

केंद्रीय कायद्यात मात्र एक पोकळी निर्माण झाली आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३७७ नाही. परस्परसंमतीचे संबंध २०१८ च्या निकालानेच त्या कलमातून वगळले गेले होते, परंतु प्रौढ पुरुषावर होणाऱ्या लैंगिक बळजबरीविरुद्ध तेच कलम उपलब्ध होते. आता असा अत्याचार झाल्यास दुखापत किंवा डांबून ठेवणे अशा सामान्य कलमांखाली दाद मागावी लागते. ही उणीव दूर करण्याची मागणी करणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये संसदेचा अधिकार असल्याचे सांगून फेटाळली. परदेशी प्रवाशाला निदान आपल्या दूतावासाचा दूरध्वनी तरी करता येतो. पापनाशमच्या तरुणाला गावच्या पोलीस ठाण्यात जावे लागते, आणि तेथे तक्रारीवर प्रथम वडिलांसह पूर्ण नाव आणि पत्ता लिहावा लागतो.