युरोपचे राजकारण आणि मराठी अभ्यासक

हैदराबाद मुक्तिसंग्राम मराठवाड्याच्या गावोगाव लढला गेला, हे लातूरच्या शाळकरी मुलासही ठाऊक असते. परंतु त्या संग्रामाचा एक अंक पॅरिसमध्ये झाला, याची आठवण क्वचितच दिली जाते. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई चालू असतानाच निजामाच्या शिष्टमंडळाने हैदराबादचा प्रश्न तेथे भरलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेपुढे मांडला. १७ सप्टेंबरला निजाम शरण आला आणि काही दिवसांतच त्याने तक्रारही मागे घेतली. ज्या प्रदेशाच्या भवितव्याची चर्चा अशी युरोपात झाली, त्याने युरोपच्या राजकारणास परके मानावे, हे विपरीतच म्हटले पाहिजे.

हा अभ्यास मराठीतून होत नाही, ही सबब गोविंद तळवलकर यांनी निकालात काढली. १९२५ मध्ये जन्मलेले तळवलकर प्राध्यापक नव्हते. पेशाने पत्रकार होते. 'लोकसत्ते'तील उमेदवारीनंतर ते १९६२ मध्ये 'महाराष्ट्र टाइम्स'मध्ये आले आणि १९६८ ते १९९६ या काळात त्याचे संपादक होते. दैनिकाच्या धबडग्यातही त्यांनी ग्रंथवाचनाचे व्रत सोडले नाही. सोव्हिएत साम्राज्याचा उदय व अस्त, बदलता युरोप, अफगाणिस्तान हे विषय त्यांनी सामान्य वाचकाला कळेल अशा मराठीत ग्रंथबद्ध केले. २०१७ मध्ये अमेरिकेत ह्यूस्टन येथे त्यांचे निधन झाले. असे लेखन म्हणजे मूळ दप्तरे चाळून केलेले संशोधन नव्हे, असा आक्षेप घेता येईल. तो खराही आहे. पण ते काम विद्यापीठांचे होते. पत्रकाराने पाया घातला. इमारत कोणी उभारली?

या उणिवेची किंमत २०२२ मध्ये कळली. २४ फेब्रुवारीला रशियाने युक्रेनवर आक्रमण केले. वैद्यकीय शिक्षणासाठी तेथे गेलेले भारतीय विद्यार्थी तळघरांत अडकून पडले. त्यांत मराठवाड्यातलेही होते. सूर्यफूल तेलाची आवक अडताच खाद्यतेलाचे भाव चढले आणि त्याची झळ घरोघरच्या स्वयंपाकाला लागली. 'नाटो'चा विस्तार कसा झाला, १९९४ मध्ये बुडापेस्ट येथे अण्वस्त्रे सोडण्याच्या बदल्यात युक्रेनला कोणती आश्वासने मिळाली होती, हे चिंताग्रस्त पालकांना मराठीत समजावून सांगणारे कितीसे होते?

लातूरची बुद्धी वा चिकाटी कमी नाही. 'लातूर पॅटर्न'ने ती सिद्ध केली आहे. मात्र ती प्रवेशपरीक्षांच्या गुणांपाशीच थांबू नये. मुक्तिसंग्रामाचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचे नाव धारण करणाऱ्या नांदेडच्या विद्यापीठाने आणि लातूरच्या महाविद्यालयांनी या विषयावर मराठीत लिहिणारे अध्यापक घडवावेत, ग्रंथालयांनी तसे ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती द्यावेत. दूरच्या युद्धाची झळ लातूरला चुकत नाही. निदान ती कोठून व का येते, हे जाणण्याची सिद्धता तरी येथे असावी.