परतावा कोणाच्या खात्यात?

2025च्या दिवाळीत अमेरिकेतल्या लेकीला पैठणी पाठवायला पोस्टात गेलेल्या आईला दोन रकमा भराव्या लागत होत्या. एक टपालखर्चाची, दुसरी अमेरिकेच्या आयातशुल्काची. ऑगस्टअखेर बंद पडलेली अमेरिकेची पार्सलसेवा टपाल खात्याने 15 ऑक्टोबरला पुन्हा सुरू केली ती याच अटीवर: जाहीर किमतीच्या 50 टक्के शुल्क बुकिंग करतानाच भरायचं. शंभर डॉलरपर्यंतच्या भेटवस्तूंना सूट होती, त्यामुळे चकली-चिवड्याचा डबा सुटायचा. पण बारा हजारांच्या पैठणीवर सहा हजार रुपये शुल्क!

मोठ्या मालाची गोष्ट थोडी वेगळी. तिथे शुल्क भरतो अमेरिकेतला आयातदार, बंदरावर, स्वतःच्या नावाने. पुढे तो ही रक्कम कुठून वसूल करतो हे सरकार विचारत नाही. तो दुकानातली किंमत वाढवतो, नाहीतर माल पाठवणाऱ्याला म्हणतो, ‘भाव कमी करा.’ आपल्याकडच्या अनेक निर्यातदारांनी 2025मध्ये असा भाव कमी केला, कारण ऑर्डर गेली तर माग बंद. सोलापूरचा टॉवेल घ्या. दोनशे रुपयांचा माल एकशे ऐंशीला दिला, तर ते वीस रुपये शुल्कापोटीच गेले. मात्र बिलावर ते ‘सवलत’ म्हणून दिसतात, शुल्क म्हणून नाही.

या वीस रुपयांचा प्रश्न आज महत्त्वाचा झाला आहे. फेब्रुवारी 2026मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 6 विरुद्ध 3 मतांनी सांगितलं की, 1977चा आणीबाणीविषयक कायदा अध्यक्षांना आयातशुल्क लावण्याचा अधिकार देत नाही. भारतीय मालावरचं 25 अधिक 25, म्हणजे वरचं ते 50 टक्के शुल्क याच कायद्याखाली लागलं होतं. (पोलाद आणि अॅल्युमिनियमवरचं शुल्क वेगळ्या कायद्याचं, ते या निकालात येत नाही.) वसूल झालेले पैसे परत कसे द्यायचे, हे मात्र बहुमताच्या निकालपत्रात नाही.

अमेरिकी सीमाशुल्काच्या व्यवस्थेत परतावा मिळतो तो कागदोपत्री आयातदार असलेल्याला. वाढीव भावाने टॉवेल घेणाऱ्या गिऱ्हाइकाचं नाव त्या कागदावर नाही, भाव कमी करणाऱ्या सोलापूरच्या कारखानदाराचंही नाही. म्हणजे ज्याने बोजा आधीच दुसऱ्यावर ढकलला, त्याच्या खात्यात तीच रक्कम दुसऱ्यांदा जमा होऊ शकते. मला हा उघड अन्याय वाटतो.

आपल्या कायद्याने हा प्रश्न निदान विचारला तरी आहे. 1962च्या सीमाशुल्क कायद्याच्या कलम 27प्रमाणे परतावा मागणाऱ्याला सिद्ध करावं लागतं की शुल्काचा भार त्याने गिऱ्हाइकावर टाकलेला नाही. सिद्ध झालं नाही, तर पैसे ग्राहक कल्याण निधीत जातात. मफतलाल इंडस्ट्रीजच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या घटनापीठाने 1996मध्ये हे तत्त्व उचलून धरलं. स्वतःच्या वापरासाठी वस्तू मागवणाऱ्या व्यक्तीला यातून सूट आहे, तिचा परतावा थेट तिलाच मिळतो. अर्ज साधारणपणे शुल्क भरल्यापासून एका वर्षात करायचा असतो, आणि सामान्य माणसाची गाडी अडते ती इथेच, कारण तोवर पावती हरवलेली असते. निधीत गेलेला पैसा टॉवेल घेणाऱ्याच्या घरी पोचत नाही हेही खरं, पण तो निदान व्यापाऱ्याचा फुकटचा नफा होत नाही.

भाव कमी करून माल दिलेल्या आपल्या कारखानदारांनी आता अमेरिकी आयातदाराला पत्र लिहावं. ‘शुल्कापोटी’ सवलत मागणाऱ्या ईमेल शोधून काढाव्यात, कोणत्या बिलावर किती सोडले त्याचा तक्ता जोडावा आणि परतावा मिळाल्यास त्यातला आपला वाटा लेखी मागावा. कायदा हात देईलच असं नाही, पण पुढची ऑर्डर हवी असलेला व्यापारी अशा पत्राला उत्तर देतो. आणि नव्या करारात शुल्क परत आलं तर ते कोणाचं, हे एक वाक्य सही करण्याआधीच घालून घ्यावं.