नाव तेच राहू द्या, रेझ्युमे बदला

"भाई, नावामुळेच कॉल येत नाही का?" नोकरी शोधणारी आपली मुलंमुली मला हे नेहमी विचारतात. शंका निराधार नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी वर्तमानपत्रांतल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे, पण वेगवेगळ्या नावांचे अर्ज पाठवून पाहिले. त्यांचा अभ्यास २००७ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त आला. मुस्लिम नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय हिंदू नावाच्या अर्जापेक्षा बरीच कमी होती.

हा अन्याय आहे आणि त्याविरुद्ध बोलत राहायलाच हवं. नाव मात्र बदलायचं नाही, लपवायचंही नाही. म्हणून बाकीचा कागद असा हवा, की नाकारणाऱ्याला दुसरं कारण सापडू नये.

मुलाखती घेताना माझ्यासमोर येणारे बरेच रेझ्युमे लग्नाच्या बायोडेटासारखे असतात: वडिलांचं नाव, धर्म, वैवाहिक स्थिती, फोटो. यातलं काहीच लागत नाही. फ्रेशरला एक पान पुरतं. 'मेहनती, टीम प्लेअर' असं लिहू नका, केलेलं काम लिहा. 'प्रोजेक्ट: हजेरी अ‍ॅप' यापेक्षा '६० विद्यार्थ्यांची हजेरी नोंदवणारं अ‍ॅप, लॉगिन आणि डेटाबेसचं काम माझं' हे जास्त बोलकं आहे. मामूंच्या दुकानाचा हिशेब एक्सेलवर आणला असेल, मोहल्ल्यात शिकवण्या घेतल्या असतील, तर तेही कामच आहे. मात्र जे लिहाल त्यावर दहा मिनिटं बोलता आलं पाहिजे. मुलाखत तिथूनच सुरू होते.

मुलाखतीत इंग्रजी थोडं अडखळलं तरी चालतं, मुद्दा अडखळू नये. उर्दू किंवा मराठी माध्यमातून आलेल्यांनी स्वतःची दोन मिनिटांची ओळख मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकावी, पुन्हा बोलावी. उत्तर येत नसेल तर तसं सांगा, आणि ते कसं शोधाल हेही सांगा. धर्माविषयी प्रश्न आलाच, तर शांतपणे बोलणं कामाकडे वळवा.

आता दोन शब्द नोकरीत स्थिरावलेल्यांसाठी. अनेक कंपन्यांत कर्मचाऱ्याने रेफर केलेला रेझ्युमे निदान वाचला तरी जातो. ज्यांच्या घरातलं कुणीच कधी ऑफिसात गेलेलं नाही, त्यांना हा दरवाजा दिसतच नाही. महिन्यातला एक रविवार द्या. दोन रेझ्युमे तपासा, एकाची सराव मुलाखत घ्या. आपण प्रत्येकाने एकाला जरी आत आणलं, तरी पुढचा अर्ज उघडणाऱ्याला ते नाव परकं वाटणार नाही.