जिथे माणसांचा भाव ठरत असे

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतच्या झांझिबार बेटावर, जुन्या शहराच्या अरुंद बोळांतून वाट काढीत गेले की ख्राइस्ट चर्च हे अँग्लिकन कॅथेड्रल समोर येते. पोवळ्याच्या दगडाच्या भिंती, टोकदार कमानी आणि एक उंच मनोरा असे त्याचे रूप आहे. आत मात्र पाय आपोआप थांबतात. वेदीसमोरच्या फरशीत पांढऱ्या संगमरवराचे एक वर्तुळ असून त्याभोवती लाल रंग आहे. येथेच गुलामांना बांधून फटके मारण्याचा खांब होता, असे सांगतात.

कारण ही जागा गुलामांच्या बाजाराची. १८७३ च्या जून महिन्यात सुलतान बरगश यांनी ब्रिटिशांशी करार केला आणि बाजार बंद झाला. त्याच वर्षी नाताळच्या दिवशी येथे पायाभरणी झाली. स्वाहिली भाषेचे अभ्यासक असलेले बिशप एडवर्ड स्टीअर यांनी बांधकामावर जातीने देखरेख ठेवली. १८८२ मध्ये ते निवर्तले. त्यांचे दफन वेदीच्या मागेच झाले. आत एक साधा लाकडी क्रूस आहे. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे हृदय ज्या झाडाखाली पुरले, त्याच झाडाच्या लाकडाचा तो आहे, असे मानतात.

आवारात जमिनीत खोदलेला एक चौकोनी खड्डा आहे. त्यात गळ्यात साखळदंड असलेल्या पाच मूर्ती उभ्या आहेत. स्वीडनच्या शिल्पकर्त्री क्लारा सोर्नास यांनी १९९८ मध्ये हे स्मारक घडविले. मूर्ती जमिनीच्या पातळीखाली असल्याने पाहणाऱ्याला मान खाली घालावी लागते.

वाचकहो, ही मान खाली घालण्यात आपलाही वाटा आहे. त्या काळी झांझिबारची जकात एका कच्छी पेढीच्या मक्त्यात होती, आणि बाजारात येणाऱ्या गुलामांवरही जकात पडत असे. अंतर्भागात हस्तिदंतासाठी जाणाऱ्या तांड्यांना भांडवल पुरविणारे सावकार बहुतांशी हिंदी होते. कित्येक हिंदी व्यापाऱ्यांच्या घरीही गुलाम होते. १८६० च्या सुमारास ब्रिटिश वकील रिग्बी यांनी त्यांना हजारो गुलाम मुक्त करावयास लावले. १८७३ च्या करारात तर ब्रिटिश संरक्षणाखालील हिंदी रहिवाशांस गुलाम बाळगण्याची स्पष्ट मनाई आली. तरी झांझिबारमधील गुलामीचा कायदेशीर अंत होण्यास १८९७ साल उजाडावे लागले.

त्या पेढ्यांचे हिशेब चोख असतील, रकमेचा मेळही बसत असेल. मात्र ज्या ओळीत लवंग, हस्तिदंत आणि माणूस एकाच रकान्यात मांडले जात, त्या ओळीवर कोणा गुमास्त्याची लेखणी अडखळली असेल काय? आपल्या वहीतील नफ्यामागेही कोणाचे तरी श्रम असतात. ते कोणाचे आणि कोणत्या स्थितीतले, हे विचारण्याची सवय आपल्या पेढीवर असावी. झांझिबारचा तो खड्डा एवढेच मागतो.