बाटली, तंतू आणि करदप्तर

रेल्वेच्या फलाटावर फेकलेली पाण्याची बाटली कचरावेचकाच्या गोणीतून भंगारवाल्याकडे आणि तेथून कारखान्यात जाते. तिचे तुकडे धुऊन, वितळवून सूक्ष्म छिद्रांतून तंतू ओढले जातात. ते उशी-गादीत भरतात, त्यांचे सूतही कातले जाते. हा तंतू प्लास्टिक की वस्त्रद्रव्य, हे ठरविताना करदप्तराने मात्र वर्षे घालविली.

हा शब्दांचा काथ्याकूट नव्हता. उत्पादन शुल्काच्या सूचीत प्रकरण ३९ प्लास्टिकचे, तर प्रकरण ५५ मानवनिर्मित आखूड तंतूंचे. बहुलीकरणातून सिद्ध होतो तो मानवनिर्मित तंतू, असे सूचीतील टीप सांगते. बाटली वितळविणारा बहुलीकरण करीत नाही, म्हणून माल प्लास्टिकचाच, असा एक पक्ष. मूळ पॉलिस्टर बहुलीकरणातूनच जन्मलेले असते, हा दुसरा. २९ जून २०१० च्या परिपत्रकाने तंतूला वस्त्रद्रव्य ठरविले. २०१२ मध्ये कायद्यातच तशी तरतूद झाली. परंतु ग्राहकाकडून न घेतलेला कर कारखानदाराने कोठून भरावा? अखेर २०१४ च्या अर्थसंकल्पात अरुण जेटली यांनी २९ जून २०१० ते ७ मे २०१२ या काळासाठी पूर्वलक्षी माफी दिली. न्याय झाला, पण चार वर्षांनी. छोट्या उद्योगाला एवढा काळ टांगती तलवार पेलवत नाही.

२०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि जुना वाद इतिहासजमा झाला. सप्टेंबर २०२५ मध्ये मानवनिर्मित तंतूंवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, हेही स्वागतार्ह. तरीही मूळ उणीव उरतेच. आंतरराष्ट्रीय सहा अंकी वर्गीकरणात पॉलिस्टरचा आखूड तंतू ५५०३.२० या एकाच क्रमांकाखाली येतो; तो खनिज तेलापासून नव्याने केलेला की टाकाऊ बाटलीपासून, याची नोंद तेथे नाही. ज्याची वेगळी नोंद नाही, त्याची आयात मोजता येत नाही, त्याला नेमके उत्तेजनही देता येत नाही.

पुनर्वापराच्या नावाखाली नवा माल खपविला जाईल, ही शंका रास्त आहे. तयार तंतू पाहून त्याचे मूळ सहज ओळखता येत नाही. त्यावर उपाय भंगार खरेदीपासूनच्या कागदपत्रांची कसून तपासणी हा आहे; वेगळी नोंद नाकारणे हा नव्हे. देशाच्या आठ अंकी सूचीत स्वतंत्र उपशीर्षक देणे सरकारच्या हाती आहे. कचऱ्यातून संपत्ती निर्माण करणाऱ्या हातांना सवलतीआधी हवी आहे ती निश्चिती. कायद्याने वस्तूला तिचे खरे नाव वेळेवर द्यावे, एवढीच ही मागणी आहे.